इंग्रजीत ऐकलेलं

भोंगा व्हायच्या आधी माई उठत. माई म्हणजे माझ्या आक्काच्या सासूबाई. पिंपरी गावात एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भावोजींनी भाड्याने घेतल्या होत्या, आणि त्यात माई, भावोजी, आक्का, तिचं तान्हं बाळ आणि मी असे राहत होतो. भिंतीपलीकडे घरमालकाचे बैल बांधलेले असत. त्यांनी मान हलवली की घुंगरं वाजत, ती आमच्या उशाशीच वाजल्यासारखी वाटत. मग माईंच्या फुंकणीचा आवाज, ओल्या लाकडाचा धूर, आणि सगळ्यावरून कारखान्याचा भोंगा. आमच्या गावाजवळ बंदर होतं. बोट लागली की असाच भोंगा होई आणि आम्ही पोरं धावत सुटत असू. त्यामुळे इथे आल्यावर कितीतरी दिवस मी भोंगा ऐकला की दचकून उठून बसायची आणि बाहेर बघायची. बाहेर ज्वारीची शेतं, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ, आणि समुद्राचं कुठे नावही नाही. रोज नव्याने धक्का बसायचा. आक्का म्हणायची, झोप गं, बोट नाही आली.

माझे वडील शिंपी होते. गावातल्या माणसांचे सदरे, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या, लग्नाच्या हंगामात पोलकी. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा काजं करायला घरात कुणीतरी हवं होतं, म्हणून मी सहावीतून शाळा सोडली. कुणी सोडायला सांगितली नव्हती. एक दिवस घरी राहिले, दुसऱ्या दिवशी राहिले, मग मास्तरांनी विचारणं बंद केलं. पुढे भावोजींनी सांगितलं की पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना निघाला आहे आणि बाटल्या धुण्याच्या खात्यात बायकाही घेतात. तेव्हा आई रडली, पण बाबांनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, सावलीत बसून काम आहे ना? भावोजी हो म्हणाले. मग जाऊ दे तिला, असं म्हणून त्यांनी पुन्हा पाय चालवले. एवढ्यावर मी आले. आक्काच्या घरी मी कुणाच्या जिवावर राहते आहे हे मला उठता-बसता आठवे. दुसरी भाकरी घ्यायची तर मी आधी टोपलीत किती उरल्यात ते बघे. माईंच्या ते लक्षात यायचं. त्या काही बोलत नसत, पण भाकरी थेट ताटात टाकत, मला टोपलीकडे बघायला वेळच ठेवत नसत.

जेवणाचे हाल सुरुवातीला फार झाले. तांदूळ महाग, मासा तर दिसायचाही नाही. गावाकडून कुणी आलं की आमसुलं, तिरफळं, सुकट, कुळीथ येत, आणि माई ते डब्यात दडवून जपून वापरत. बाजरीची भाकरी आणि कुळथाची पिठी, हा बेत घाटावर आणि कोकणात दोन्हीकडे कुणी ऐकला नसेल, पण आम्ही तो आवडीने खात असू. वारा कारखान्याकडून आला की एक आंबूस, ओल्या गोणपाटासारखा वास घरभर पसरे. माई नाकाला पदर लावत आणि म्हणत, औषधाचो वास असो असता तर रोग कसो असतलो. आता मी निगडीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. खिडकी उघडली तर गाड्यांचा धूर येतो. पण तो आंबूस वास मला अजूनही डोळे मिटून ओळखता येईल.

बाटल्या धुण्याचं काम कायमचं नव्हतं. काम असेल तेव्हा बोलावत, नसेल तेव्हा घरी बसवत. कायमची जागा प्रयोगशाळेत होती. तिथे नळ्या स्वच्छ करायच्या, चिठ्ठ्या वाचून बाटल्या लावायच्या, साहेब सांगतील ते आणून द्यायचं. त्यासाठी थोडं इंग्रजी हवं आणि साहेबांपुढे तोंडी परीक्षा. बायकांसाठी जागा थोड्या होत्या, आणि त्या भरल्या की पुन्हा कधी निघतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ती जागा मिळाली तर मी आक्काच्या घरावरचा भार होणार नव्हते, आई-बाबांना आणि धाकट्या भावाला इथे आणता आलं असतं, बाबांचे डोळे पुण्याच्या डॉक्टरांना दाखवता आले असते. नाही मिळाली तर परत गावी, काजं करायला. मला त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं.

म्हणून मी लालचंद मास्तरांच्या वर्गाला जाऊ लागले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची छावणी पिंपरी गावाला लागूनच होती. तिथे लांबलचक बराकींमध्ये मध्ये गोणपाटं बांधून घरं केलेली. त्यातल्या एका बराकीच्या टोकाला मास्तर संध्याकाळी पहिली पाळी सुटल्यावर इंग्रजी शिकवत. कराचीला ते मोठ्या शाळेत होते म्हणे. इथे फळा म्हणून दाराला काळा रंग दिलेला होता. दार उघडलं की अर्धं व्याकरण बाहेरच्या बाजूला जायचं. एका बाजूला चटईवर कारखान्यातले पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघी-चौघी बायका. माझ्या शेजारी मोहिनी बसायची, छावणीतलीच. तिला माझं मराठी समजायचं, मला तिचं हिंदी अर्धं समजायचं, आणि इंग्रजी दोघींनाही सारखंच येत नव्हतं.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांबद्दल एक गोष्ट पसरली होती. उशिरा आलेला माणूस दारात येऊन “एक्स्क्यूज मी कमिंग लेट” म्हणाला की साहेब मान वर करून म्हणत, “माय कमिंग लेट”, आणि पुन्हा खाली बघत. बॉयलरकडच्या एकाला त्यांनी याच एका गोष्टीवरून नाकारलं असंही लोक सांगत. खरं-खोटं देव जाणे. मास्तरांनी मात्र ते मनावर घेतलं आणि संध्याकाळच्या संध्याकाळ आम्हाला मी की माय, हिम की हिज, एवढंच घोटवायला सुरुवात केली. काळ्या दारावर त्यांनी दोन वाक्यं लिहिली होती. “आय सॉ हिम गोइंग.” आणि खाली, “आय डिड नॉट लाइक हिज गोइंग.” मास्तर म्हणाले, वरच्या वाक्यात तुम्ही माणूस पाहिला, तो जात होता. खालच्या वाक्यात माणसावर राग नाही, त्याच्या जाण्यावर राग आहे. जाणं त्याचं आहे, म्हणून हिज.

मी थक्क झाले. इंग्रजी अवघड म्हणून सगळे घाबरवत होते, आणि हे तर आमच्या घरात रोज चालू होतं. आक्का म्हणायची, त्याला जाताना बघितलं. माई म्हणायच्या, त्याचं जाणं मला पटलं नाही. आम्ही शाळा सोडलेल्या, शाळेत कधी न गेलेल्या बायका हा फरक चुलीपुढे बसून बिनचूक करत होतो, आणि कुणी आम्हाला त्याचे गुण दिले नव्हते. पण दुसरा एक धक्का होताच. येणं, जाणं, हसणं ही माणसाची मालमत्ता असते, पितळेच्या तांब्यासारखी, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. माझं येणं. माझं शाळा सोडणं. मी घरी जाताना रस्त्याने असल्या जोड्या लावत जायची. परवा नातीला हे सांगत होते तेव्हा ती म्हणाली, आजी, आता कंपनीत कुणी माय म्हणत नाही, सरसकट मी म्हणतात, चालतं. मी म्हटलं, चालत असेल बाई. आमच्या वेळी त्यावर जागा अडकली होती.

मास्तरांचा एक नियम होता. प्रत्येकाने उभं राहून एक वाक्य म्हणायचं, आणि ते वाक्य खरं पाहिजे. “सच्चा वाक्य लाओ. झूठा वाक्य दोन दिवसांत विसरतं,” असं ते म्हणत. त्यामुळे वर्गात एकेकाची घरं उघडी पडत. कुणाची बायको त्याच्या विडी ओढण्यावर चिडते, कुणाच्या आईला त्याचं छावणीत येणं आवडत नाही. एका फिटरने सगळ्यांदेखत सांगितलं की सासऱ्याला त्याचं गाणं म्हणणं सहन होत नाही. त्यावर मास्तरांनी त्याला गायला लावलं आणि सासऱ्याची बाजू घेतली. मी हसत असे, पण माझी पाळी आली की कानशिलं गरम होत. मी नेहमी तेच वाक्य म्हणायची, की आक्काच्या बाळाला माझं शिवणं बघायला आवडतं. मास्तर म्हणत, बेटी, तुझ्या घरात दुसरं काही घडत नाही काय?

तोंडी परीक्षा जवळ आली त्या आठवड्यात आक्का बाजूला बसली. बायका महिन्याच्या महिन्याला बसत तशी, कोपऱ्यात चटईवर, ताट-वाटी वेगळी. डोळे लाल होते. माई म्हणाल्या, डोळे आलेत, बघू नको तिच्याकडे, तुलाही येतील. मी स्वयंपाक अंगावर घेतला. मला उलट बरं वाटलं, या घरासाठी काहीतरी करता येत होतं. सकाळी देवापुढे दिवा मी लावायची, पिठी मी ढवळायची, बाळाला मी आंघोळ घालायची. एकदा माईंना विचारून डब्यातली सुकट काढली, भाजली, ओलं खोबरं घालून किसमूर केली. अंगात उत्साह इतका की मी काम करताना गुणगुणत होते. आक्काने किसमूर घेतली नाही, म्हणाली तोंडाला चव नाही. मी तिच्या वाटणीचीही माझ्या ताटात वाढून घेतली. माई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला काही म्हणायला तोंड उघडलं आणि मग बाळाला मांडीवर घेतलं. तीन दिवसांनी आक्का न्हाऊन कामाला लागली. हे सगळं मी तेव्हा पाहिलं आणि मला त्यात काहीही दिसलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशीचा तो वर्ग. मास्तरांनी सांगितलं होतं, आज सगळ्यांनी माय-हिज-हरचं एकेक वाक्य आणायचं, शेवटची उजळणी. ज्ञानोबाची पाळी आली. ज्ञानोबा चाकणकडच्या शेतकरी घरातला, भावोजींच्या खात्यात कोळसा ओढायचा. वर्गात कमी बोलायचा, आणि बायकांकडे तर मान वर करून बघायचाही नाही. त्या दिवशी तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. घामाघूम झाला होता. दाराकडे बघत, एकेक शब्द पायरी उतरल्यासारखा उतरत त्याने म्हटलं, “आय ॲम सॉरी फॉर हर फादर डाइंग.”

तिचे वडील मरण पावले याचं मला दुःख आहे. अर्थ माझ्या डोक्यात शिरला आणि तिथेच थांबला, कारण पुढच्या क्षणी वाद सुरू झाला. फिटर म्हणाला, फादरला एस पाहिजे. मागून कुणी म्हणालं, एस कशाला, बाप एकच आहे. हशा झाला. मास्तरांनी पट्टी आपटली आणि ज्ञानोबाला विचारलं, “तुला दुःख कशाचं? बापाचं की बापाच्या जाण्याचं?”

ज्ञानोबाने टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, “जान्याचं, मास्तर.”

“तर मग फादर्स. हर फादर्स डाइंग. सगळे बोला.”

सगळे बोलले. बराकीच्या पत्र्याला घुमेल असं ते म्हटलं गेलं, एकदा, दोनदा, आणि मीही म्हटलं. खणखणीत म्हटलं. हा प्रकार मला चांगला जमायचा, आणि जमणारी गोष्ट मी मोठ्याने म्हणायची. हर फादर्स डाइंग. म्हणता म्हणता माझ्या मनात आलं, आम्हा बायकांपैकीच कुणाचे तरी वडील गेले असणार. बिचारी. मी मोहिनीकडे वळून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. पलीकडच्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. बायकांच्या कानावर ते आधीच आलं होतं, हे मला मागाहून कळलं.

मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सवयीने विचारलं, “सच्चा आहे ना वाक्य? हर म्हणजे कोण?”

ज्ञानोबाने मान खाली घातली आणि टोपीने माझ्या दिशेला खूण केली. “ह्या बाईंचं. कोकनातल्या.”

त्यानंतर वर्गात काय झालं ते मला नीट आठवत नाही. मास्तरांच्या हातून पट्टी खाली पडली, हे आठवतं. ते माझ्याजवळ आले आणि, “बेटी, बेटी,” एवढंच म्हणत राहिले. मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, की मी ते सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं होतं. माझ्या तोंडातून ते बाहेर पडलं होतं आणि तोंडाला त्याची चव कळली नव्हती. मी चपला घातल्या आणि निघाले. छावणीच्या बाजारातून जाताना पापड वाळत घातलेले दिसले, कुणीतरी रेडिओ लावला होता, एक म्हातारा माणूस उसाचा रस काढत होता. सगळं जसंच्या तसं चालू होतं, त्याचंच मला नवल वाटत होतं.

रुळांपाशी फाटक बंद होतं. मी उभी राहिले तेव्हा मागे, बरंच अंतर ठेवून, ज्ञानोबाही उभा असल्याचं कळलं. मालगाडी गेली. तो तिथूनच बोलला, माझ्याकडे न बघता. “बाई, आमाला वाटलं तुमास्नी ठावं हाय. तुमच्या भावोजींना गेटावर तुमच्या गाववाल्यानं सांगितलं तवा मी बाजूलाच हुतो. दोन शब्द बोलावं असं लई वाटत हुतं. पन परक्या बाईमानसाशी बोलायचं कसं. म्हून म्हनलं, वर्गात बोलावं, इंग्रजीत.” त्याने टोपीने तोंड पुसलं. “लई दिस लागलं ते वाक्य जुळवाया. आन झालं ते असं.”

मी म्हटलं, तुमची काही चूक नाही. एवढं बोलले हे आज मला फार बरं वाटतं, कारण पुढे वर्षभरात तो काम सोडून गावी शेतीवर गेला आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. माझ्या वडिलांसाठी माझ्याजवळ दुःख व्यक्त करणारा तो पहिला माणूस. त्यासाठी त्याला दुसरी भाषा शिकावी लागली.

घरी आले तेव्हा माई तांदूळ निवडत होत्या आणि आक्का बाळाला पाजत होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले. माझं तोंड बघून आक्काने बाळाला खाली ठेवलं. तिला सांगावं लागलं नाही, ती तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली. माझ्या मनात तेव्हा एकदम सगळं जुळलं: तिचं कोपऱ्यात बसणं, लाल डोळे, न खाल्लेली किसमूर. लग्न झालेल्या लेकीला बापाचं तीन दिवसांचं सुतक असतं. ते तिने माझ्यासमोर पाळलं होतं. आणि मी, बिनलग्नाची लेक, जिला पुरे दहा दिवस, ती देवापुढे दिवा लावत होते, दोन वाट्या सुकट खात होते, गुणगुणत होते. मी माईंना विचारलं की तुम्ही मला देवाला हात कसा लावू दिलात.

माई शांतपणे म्हणाल्या की ऐकल्याशिवाय सुतक लागत नाही. दूर असलेल्या माणसाला बातमी कानावर पडते तेव्हापासून ते सुरू होतं, हा शिरस्ता आहे. तुझ्या कानावर नव्हतं, म्हणून तू मोकळी होतीस. बातमी आली तेव्हा तिकडचं सगळं आटोपलं होतं, तुझा भाऊ लहान म्हणून चुलतभावाने अग्नी दिला होता, बोटीने जाऊनही मुख दिसलं नसतं. मग मीच या दोघांना सांगितलं की पोरीची परीक्षा होऊ दे, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. सुतकात बसली तर दहा दिवस घराबाहेर पडता येणार नाही, जागा जाईल. भावोजी बाहेर कुणाला बोलू नका म्हणून सांगायला विसरले, एवढीच चूक झाली.

आता मात्र मी ऐकलं होतं. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मी चपला काढून कोपऱ्यातल्या चटईकडे जाऊ लागले, तशा माई म्हणाल्या, “थांब. कोणी सांगल्यान तुका?”

“ज्ञानोबांनी. वर्गात.”

“काय म्हणान सांगल्यान? होता तसा सांग.”

मी ते वाक्य म्हटलं. त्या घरात ते इंग्रजी शब्द फार मोठे वाटले. माईंनी ते लक्ष देऊन ऐकलं, जसं काही त्यातलं काहीतरी कळणारच होतं. मग विचारलं, “मराठीत कोणी काय बोललो नाय?”

मी आठवून पाहिलं. ज्ञानोबा जाण्याचं म्हणाला होता, या बाईंचं म्हणाला होता. फाटकापाशीही तो ती गोष्ट गृहीत धरूनच बोलला होता, त्याने ती उच्चारली नव्हती. मास्तरांनी बापाचं जाणं म्हटलं होतं, पण कुणाच्या ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि नंतर ते फक्त बेटी बेटी म्हणाले होते. आक्काने तर तोंडच दाबून धरलं होतं. माईंनीही आत्ता शिरस्ता सांगितला होता, तिकडचं आटोपलं म्हणाल्या होत्या, पण कोण गेलं ते त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली.

“मगे तू अजून आयकूक नाय,” माई म्हणाल्या. “इंग्रजीत आयकलेल्याचा सुतक धरनत नाय. आपल्या देवांका खंय इंग्रजी येता?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या बाई एकादशीला पाण्याचा थेंब घ्यायला कचरत, सोवळ्याच्या लुगड्याला कावळा शिवला तर ते पुन्हा धूत. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, थट्टा नव्हती. तांदळाचं सूप मांडीवर तसंच होतं आणि त्यांची बोटं तांदळात तशीच थांबली होती. आक्काने काही बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी तिला हाताने गप्प केलं. मग मला म्हणाल्या, “उद्या परीक्षा देऊन ये. सांजेक मी सांगतंय तुका, रीतसर. तवसर डोळ्यांत पाणी हाडू नको. रडलंस तर कळला असा होतला.”

मी रडले नाही. सांगताना सोपं वाटतं. रात्रीचं जेवण मी वाढलं, भावोजी मान खाली घालून जेवले, सकाळी माईंनी मला स्वतः देवापुढे दिवा लावायला लावला. काडी ओढताना माझा हात हलत नव्हता, याचंही मला भय वाटलं. मला वाटायचं, मी दगड झाले की काय. बाबा नाहीत हे मला माहीत होतं आणि नव्हतं, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी मी नीट वेणी घालून, आक्काचं निळं पातळ नेसून कारखान्याच्या फाटकातून आत गेले.

मोठे साहेब लोक सांगत तसे कडक नव्हते. बारीक चणीचे, मद्रासकडचे, चष्मा पुसत बोलणारे. त्यांनी चिठ्ठ्या वाचायला दिल्या, नळ्यांची नावं विचारली. मी सांगितली. शाळा का सोडली ते विचारलं, तेही मी जमेल तसं सांगितलं. मग सहज, कागदावर काही लिहिता लिहिता, त्यांनी विचारलं की वडील काय करतात. संध्याकाळपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “ही इज अ टेलर, सर.” साहेबांनी मान डोलावली आणि पुढे विचारलं, इतक्या लांब तुझं काम करणं त्यांना चालतं का. त्यांनी “युअर वर्किंग” म्हटलं, आणि मी तो शब्द उचलला.

“येस, सर. ही लाइक्स माय वर्किंग हिअर.”

साहेबांनी वर बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. मला ती जागा मिळाली, आणि त्या प्रयोगशाळेत मी केस पिकेपर्यंत काम केलं. आई आणि भाऊ पुढच्या वर्षी आले. पण तेव्हा, त्या खुर्चीवर, मला एवढंच कळत होतं की मास्तरांनी खरं वाक्य आणायला सांगितलं होतं आणि हे खरं की खोटं हे मला ठरवता येत नव्हतं. सावलीत बसून काम आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं होतं. आवडतं असं ते कधी म्हणाले नव्हते. विचारायलाही आता कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर चूल विझवलेली होती. पाण्याचा हंडा मोरीत भरून ठेवला होता, कोपऱ्यात चटई घातली होती, बाजूला वेगळं ताट. भावोजी पाळी बदलून घरी थांबले होते. आक्का भिंतीशी उभी होती. माईंनी मला परीक्षेचं काही विचारलं नाही. त्यांनी मला हाताला धरून समोर बसवलं, माझ्या केसांतली क्लिप काढली, वेणी सोडली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या हातांना राखेचा वास येत होता.

“सुमे,” त्या म्हणाल्या, “तुझो बापूस गेलो गो, चेडवा.”

आणि मी, कुणी मला आत्ताच सांगत असल्यासारखं, विचारलं, “कधी?”